सासूबाई देवळात गेल्यावरची गोळी

पत्र: ताई, मी ३४ वर्षांची, चोपडा तालुक्यातल्या गावात राहते. थायरॉईड लग्नाआधीपासून आहे. तीन वर्षांपूर्वी आमवात निघाला, बोटं सुजतात, सकाळी भाकरी थापता येत नाही. जळगावचे डॉक्टर म्हणाले, दोन्ही ऑटोइम्यून आहेत, म्हणजे शरीर स्वतःवरच उलटतं. थकवा इतका की दुपारी पडले तर उठवत नाही. सासूबाई म्हणतात, "काय व माय, रोज नवं दुखनं!" हे समजूतदार आहेत, कधी एक शब्द बोलत नाहीत. थायरॉईडचं सासूबाईंना माहीत नाही, म्हणून त्या देवळात गेल्या की चहानंतर सगळ्या गोळ्या एकदम घेऊन टाकते. थायरॉईडची गोळी वाढवत वाढवत १२५ मायक्रोग्रॅमची झाली तरी टीएसएच (थायरॉईडची रक्ततपासणी, गोळी कमी पडली की हा आकडा वाढतो) १४ आलाय, म्हणजे जास्तच. मला तिसरा आजार पण होईल का? आणि या टोमण्यांचं काय करू?

पोरी, टोमण्यांचं नंतर. तू एक वाक्य घाईघाईत लिहून पुढे गेलीस ना, देवळातलं, मी तिथेच अडकले.

थायरॉईडची गोळी रिकाम्या पोटी, नुसत्या पाण्यासोबत घ्यायची असते आणि त्यानंतर अर्धा ते एक तास चहासुद्धा नाही. कॅल्शियम किंवा लोहाची गोळी असेल तर मध्ये चार तास जायला हवेत, नाहीतर ती थायरॉईडची गोळी नीट शोषू देत नाही. आमवातवाल्या बायकांना कॅल्शियम बऱ्याचदा दिलेलं असतं, म्हणजे तुझ्या त्या 'सगळ्या गोळ्यां'मध्ये ते असू शकतं. वर दुधाचा चहा. म्हणजे तू रोज औषध घेतेस आणि रोज त्यातलं बरंचसं वाया घालवतेस, डॉक्टर बिचारे रिपोर्ट बघून डोस वाढवत बसलेत, कारण तू कशी घेतेस हे त्यांना कुणी सांगितलंच नाही. आणि थायरॉईड कमी पडलं की थकवा येतो, अंग जड होतं, सांधे-स्नायू पण दुखतात. आता यातलं आमवाताचं किती आणि थायरॉईडचं किती, कोण सांगणार? तू तीन वर्षं सगळं दुखणं आमवाताच्या नावावर टाकून मोकळी झालीस.

आणि हे कशापायी, तर लग्न जमताना कुणीतरी सांगितलं असेल "बोलू नको, स्थळ जाईल". आपल्याकडे असंच चालतं, मला माहितीये, पोरीचा चष्मा पण लपवतात. पण स्थळ गेलं नाही, लग्न झालं, संसार उभा राहिला, अजून कुणासाठी लपवतेस?

तुझ्या समजूतदार नवऱ्याबद्दल पण बोलते, राग आला तर येऊ दे. त्याला थायरॉईडचं माहीत आहे ना? तुझ्या पत्रावरून तरी तसंच वाटतं. मग बायको आईच्या पाठीमागे लपून गोळ्या गिळते आणि तो एक शब्द बोलत नाही, याला मी समजूतदारपणा म्हणत नाही. त्याला घरात शांतता हवीये आणि ती तुझ्या तब्येतीच्या खर्चावर मिळतीये. सासूबाईंवर माझा तेवढा राग नाही. त्यांना अर्धीच गोष्ट माहीत आहे, त्या अर्ध्यावरच बोलतात.

तिसऱ्या आजाराचं विचारलंस. एक ऑटोइम्यून असला की दुसरा होण्याची शक्यता वाढते हे खरं, थायरॉईड आणि आमवात एकत्र तर बऱ्याच जणींना असतात, कारण दोन्हीत शरीराची रोगप्रतिकारशक्ती आपल्याच अवयवांवर उलटलेली असते. पण तिसरा होणारच असं काही ठरलेलं नसतं. नवीन काही जाणवलं, डोळे-तोंड कोरडं पडणं, जुलाब, वजन उतरणं, तर अंगावर काढायचं नाही, डॉक्टरांना सांगायचं. आत्ता न झालेल्या आजाराच्या काळजीत झालेल्या आजाराची गोळी चुकतीये, ते आधी बघ.

तर एकच काम कर. थायरॉईडच्या डॉक्टरांना आजच फोन लाव आणि खरं सांग की इतकी वर्षं मी चहानंतर, बाकीच्या गोळ्यांसोबत घेत आले. ओरडले तर ओरडले. हा फोन टाळायचा नाही, कारण हा १२५ चा डोस चुकीच्या पद्धतीने घेतल्यामुळे चढलाय, आता नीट घ्यायला लागलीस तर तो तुला जास्तही होऊ शकतो, छाती धडधडणं, हात थरथरणं, झोप उडणं असं होऊ शकतं. किती घ्यायची ते त्यांना ठरवू दे. साधारण दीड-दोन महिन्यांनी टीएसएच परत करायला सांगतील, तो चुकवू नको. आमवाताच्या डॉक्टरांनाही हे सगळं कळू दे.

आणि फोन झाला की दुसऱ्या दिवशी सकाळी तोंड धुऊन सरळ स्वयंपाकघरात जा, सासूबाई असतील तिथेच, त्यांच्यासमोर पाण्यासोबत गोळी घे. बाटली ओट्यावर साखरेच्या डब्याशेजारी ठेव, कपाटात साड्यांखाली नाही. विचारतील, विचारणारच. सांगायचं, "आई, थायरॉईड आहे, लग्नाआधीपासून आहे, यांना माहितीये. माझा चहा तासाभराने टाकेन." एवढंच, माफी मागत बसू नको, रडू नको. चार दिवस घर तापेल, कानबाईच्या सणाला जमलेल्या भाऊबंदात पण विषय निघेल कदाचित, निघू दे. आणि त्या सकाळी नवरा अंगणात बुलेट पुसत बसला असेल तर त्याला आत बोलव, तुझ्या शेजारी उभा राहू दे.