ऑटिस्टिक नायक, एडीएचडी असलेली नायिका आणि सोलापूर: विनोद ठेवून थट्टा कशी टाळायची?

तुम्ही विचारलंय की सोलापुरात घडणाऱ्या तुमच्या रोमँटिक कॉमेडीत नायक ऑटिस्टिक आहे, नायिकेला एडीएचडी (लक्ष टिकवणं आणि कामं वेळेत आवरणं अवघड करणारी मेंदूची ठेवण) आहे. वाचकाला हसू यावं, पण या दोघांना हसल्यासारखं होऊ नये. मी म्हणेन, गोंधळाचा प्रसंग येण्याआधी त्या पात्राचा नियम वाचकाला कळू द्या. क्रम उलटा झाला की थट्टा होते.

समजा, नायक चादरीच्या कारखान्यात जॅकार्डचं, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागांचं काम बघतो. 'पाच मिनिटांत पोहोचते' म्हणजे त्याच्या हिशेबी पाचच मिनिटं. नायिका सात रस्ता चौकातून तसा निरोप पाठवते आणि तो तिला खराही वाटत असतो, कारण एडीएचडीत वेळेचा अंदाजच हातातून सुटतो. मग गाडीची किल्ली सापडत नाही, ती शोधताना अर्धवट राहिलेलं दुसरंच काम दिसतं. इकडे पार्क चौकात तो उभा. त्याला फक्त बाहेरून दाखवलंत तर तो विक्षिप्त वाटेल आणि ती बेजबाबदार. म्हणून आलटून पालटून दोघांच्या तोंडून प्रकरणं लिहा. दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत हे फक्त वाचकाला माहीत असतं. हसू त्यातून येतं. ऑटिस्टिक आणि इतर माणसं एकमेकांना समजून घेण्यात दोन्ही बाजूंनी चुकतात, असं स्वतः ऑटिस्टिक असलेले संशोधक डेमियन मिल्टन यांनी २०१२ मध्ये मांडलं. तुमच्या कॉमेडीचा पाया हाच असू द्या. नायकाला आत्याचा टोमणा कळला नाही, तर आत्यालाही त्याचा सरळ प्रश्न कळू नये.

पाहण्याचा कार्यक्रम त्यासाठी फार चांगला आहे, कारण तिथं सगळे न लिहिलेल्या नियमांनी बोलतात. नायकाने पोह्यांची बशी खाली ठेवून मुलीला विचारावं, "तुम्हाला स्वतःला हे लग्न करायचंय का?" खोली गप्प होते. इथं विनोद खोलीवर आहे.

गड्ड्याचा, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेचा प्रसंग लिहिणार असाल तर जपून. होम मैदानावरचं दारूकाम सुरू झालं आणि नायक कान दाबून खाली बसला, एवढं पुरत नाही. ताण सकाळपासून साचतो: नवा कडक सदरा, पाहुणे, बदललेली जेवणाची वेळ, हलग्या, गर्दी. फटाका शेवटचा असतो. हे टप्पे आधीच्या पानांत पेरा. नंतर बोलणं बंद होऊ शकतं, म्हणून त्याला मोबाइलवर टाइप करू द्या. नायिकेच्या मिठीने सगळं क्षणात निवळतं असं अजिबात लिहू नका. त्या वेळी स्पर्श नकोसाही होऊ शकतो, आणि थकवा दुसऱ्या दिवसापर्यंत टिकतो. उलट कारखान्यातल्या मागांचा खडखडाट त्याला सहज चालू शकतो, कारण तो एका लयीत असतो आणि कधी सुरू होणार हे माहीत असतं. ही विसंगती नीट लिहिलीत तर पात्र खरं वाटतं.

निदानाचं काय? तिशीतल्या नायकाकडे कागद नसेल, लहानपणापासून 'हट्टी', 'एकलकोंडा' एवढीच विशेषणं असतील, तर ते पटण्यासारखं आहे. 'द किस क्वोशंट' (२०१८) लिहिणाऱ्या हेलन होआंग यांनाही स्वतःच्या ऑटिझमचं निदान मोठेपणीच झालं. प्रमाणपत्राचा प्रसंग घालणार असाल तर लक्षात ठेवा: २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत ऑटिझम आहे, एडीएचडीचं स्वतंत्र नाव नाही. एकाच पात्रात दोन्ही दाखवायचं असेल तर त्याच्या निदानाच्या फाइलची तारीख बघा. डीएसएम ही मानसिक निदानांची अमेरिकी नियमावली; २०१३ च्या डीएसएम-५ पूर्वी तिच्यानुसार ही दोन निदानं एकत्र देता येत नव्हती.

पूर्व भागातलं तेलुगू बोलणारं घर, कन्नड बोलणारी आजी, उर्दू बोलणारा मित्र ठेवा, पण त्यांच्या मराठीच्या उच्चारावर विनोद नको. त्यांनाही हव्या-नकोशा गोष्टी द्या. नायिकेला 'सतत बडबडणारी, गोड वेंधळी' करू नका. बायकांमधला एडीएचडी पुष्कळदा बाहेरून शांत दिसतो, गडबड सगळी डोक्यात चालते.

ताटातूट साधारण तीन चतुर्थांश कादंबरी झाल्यावर येते. ती निदान लपवल्यामुळे घडवू नका. तसं केलं की निदानच खलनायक ठरतं. वेळेच्या त्याच जुन्या भांडणातून घडवा, आणि जुळवतानाही दोघं थोडे सरकू देत. ती घराबाहेर पडल्यावरच फोन करेल, तो त्या फोनपासून वेळ मोजेल. गर्दीसमोर गुडघ्यावर बसून मागणी घालणं या जोडीला शोभणार नाही.

खर्डा झाला की किमान दोन ऑटिस्टिक आणि एक एडीएचडी असलेल्या वाचकाला मानधन देऊन वाचायला द्या. 'कसं वाटलं?' असं मोघम विचारू नका. सरळ प्रश्नांना उत्तम उत्तरं मिळतात. कुठे हसलात, कुठे तुम्हालाच हसल्यासारखं वाटलं, आणि कुठलं वाक्य या पात्राने कधीच म्हटलं नसतं, हे पानांच्या आकड्यांसह लिहून मागा.