स्वर्गीय नर्तक : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्या आंबराईत हिवाळ्यात लांब पांढऱ्या शेपटीचा पक्षी येतो. कधी तसाच, पण तांबूस दिसतो. ही नर-मादी का? दाणे ठेवले तर शिवतही नाहीत. (चिपळूण)

शेपटीची लांब पिसं असतील तर दोन्ही नरच. स्वर्गीय नर्तकाचा नर पांढराही असतो, तांबूसही. डोकं आणि तुरा दोघांचाही काळाभोर. मादी तांबूस, आखूड शेपटीची, गळा राखाडी. घोटाळा होतो तरुण नरांमुळे. लांब शेपटी यायला दोन-तीन वर्षं लागतात, तोवर तो मादीसारखाच दिसतो. अशा वेळी शेपटी सोडून गळा पाहा : काळा असेल तर नर. (श्रीलंकेत वीण करणारे नर तांबूसच असतात, तिथे दिसणारे पांढरे नर हिवाळी पाहुणे.)

दाण्यांचा उपयोग नाही. हा उडते किडे हवेतल्या हवेत टिपतो, त्यामुळे मोहोरावर फवारणी जितकी जास्त, तितकं त्याचं अन्न कमी. ठेवायचंच तर पाणी ठेवा. दुपारनंतर फांदीवरून पाण्यात सूर मारून आंघोळ करायची त्याला भारी हौस. मातीचं पसरट परळ घ्या, पाणी 3 ते 5 सेंटिमीटरच. खोल बादलीत लहान पक्षी बुडतात. चिनी मातीच्या गुळगुळीत भांड्यात पाय घसरतात. परळ गर्द सावलीत, वर एखादी आडवी फांदी असेल असं ठेवा. झुडपाला मात्र चिकटवू नका, तिथे मांजर दबा धरतं. पाणी रोज बदला, नाहीतर डास होतील.

प्रश्न : घरट्याचे फोटो काढले तर चालतील का? (सावंतवाडी)

जवळून नकोच. मे ते जुलैच्या सुमारास बारीक फांदीच्या टोकाशी, बरेचदा हाताच्या टप्प्यात, काड्या आणि कोळ्याच्या जाळ्यांची नीटस वाटी दिसेल. जवळपास कोतवालाचंही घरटं असू शकतं. तो कावळ्यांना हुसकावतो, त्याचा आयता पहारा मिळतो. फोटोसाठी आडवी येणारी पानं छाटली की ऊन थेट पिल्लांवर येतं आणि कावळ्यालाही वाट दिसते. शिवाय अंडी वा घरट्याला त्रास देणं हा 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. दुर्बिणीतून पाहा. चोचीत किडा धरून पक्षी शेजारच्या फांदीवर ताटकळत बसला, घरट्याकडे जाईना, तर तुम्ही फार जवळ आहात. लगेच मागे सरा.