डीसी जनरेटर: ठिणग्या दिसल्या की आधी एमरी पेपर बाजूला ठेवा

डीसी जनरेटर आता कोण वापरतं म्हणणारे खूप, पण जुने वेल्डिंग सेट, कारखान्यातल्या जुन्या अल्टरनेटरचे (एसी जनरेटरचे) एक्सायटर, म्हणजे त्यांच्या फील्डला डीसी देणारे छोटे जनरेटर, कॉलेजच्या लॅबमधली मशीन्स अजून फिरतायत आणि प्रश्नही तेच तेच येतायत. म्हणून एकदाच सगळी उत्तरं.

प्रश्न: डीसी जनरेटरच्या आत एसीच तयार होतो हे खरं का? मग बाहेर डीसी कसा?

खरंय. आर्मेचरची, म्हणजे आतल्या फिरणाऱ्या भागाची, कॉइल एकदा नॉर्थ पोलखालून जाते, एकदा साउथखालून, त्यामुळे तिच्यातला व्होल्टेज दर वेळी उलटतो. 1832 मध्ये पॅरिसच्या पिक्सीने चुंबक फिरवून पहिलं मशीन केलं तेव्हा एसीच मिळाला, मग अँपिअरच्या सूचनेवरून त्याने कम्युटेटर बसवला. कम्युटेटर म्हणजे मायकाने (अभ्रकाने) वेगळ्या केलेल्या तांब्याच्या पट्ट्यांचा गोल, कॉइलमधली दिशा बदलायच्या क्षणी तो तिची टोकं दुसऱ्या ब्रशकडे (पट्ट्यांवर घासत करंट बाहेर नेणारा कार्बनचा तुकडा) देतो, म्हणून एक ब्रश कायम प्लस, दुसरा कायम मायनस. बाकी योक (बाहेरची चौकट), पोल, फील्ड कॉइल हे सगळं चुंबकक्षेत्र तयार करायला.

प्रश्न: आर्मेचरचा कोअर पातळ पत्र्यांचा का, सरळ अखंड लोखंडाचा का नाही?

अखंड लोखंडात एडी करंट (लोखंडाच्या आतच तयार होऊन गोल फिरणारे करंट) फिरून कोअर तापतो, म्हणून.

प्रश्न: शंट जनरेटर (फील्ड कॉइल आर्मेचरला समांतर जोडलेला) वर्षभर बंद होता, आता फिरतो पण व्होल्टेजच येत नाही. बॅटरी लावून चालू होतो असं ऐकलं.

होतो, पण लगेच बॅटरी शोधायला जाऊ नका. आधी फिरायची दिशा बरोबर आहे का बघा, ब्रश होल्डरमध्ये अडकलाय का, कम्युटेटरवर तेल किंवा गंज बसलाय का. ज्यावरून व्होल्टेज सुरू होतो ते पोलमधलं उरलेलं चुंबकत्व गेलंय असं ठरलं तरच फील्डला काही सेकंद बॅटरी द्यायची, आर्मेचर वेगळं करून. प्लस-मायनस उलटं झालं तर पोलॅरिटी बदलते आणि बॅटरीची वायर काढताना फील्ड कॉइल जोराचा झटका देते. हे काम अनुभवी माणसाकडूनच करून घ्या.

प्रश्न: ब्रशखाली ठिणग्या उडतात. मेकॅनिकने एमरी पेपर लावून कम्युटेटर चकचकीत केला, दोन दिवस बरं होतं, परत तेच.

हे वाचून खरंच जीव कळवळतो, कारण चकचकीत कम्युटेटर म्हणजे निरोगी कम्युटेटर ही समजूत कुणी पसरवली माहीत नाही पण तिने किती आर्मेचर खाल्ले. चांगल्या कम्युटेटरवर तपकिरी चॉकलेटी थर असतो, तो मळ नाही, तो ब्रशला कमी झिजू देतो, घासून काढलात की झीज वाढली. आणि एमरीचे कठीण कण तांब्यात आणि ब्रशमध्ये रुतून बसतात. घासायचंच असेल तर बारीक सँडपेपर, तोही मशीन बंद असताना, नंतर धूळ उडवून टाकायची.

त्यात मायका तांब्यापेक्षा हळू झिजतो, म्हणून काही दिवसांनी तो पट्ट्यांच्या वर येतो आणि ब्रश त्यावरून उडत जातो. ठिणग्यांचं हे एक नेहमीचं कारण. लेथवर टर्निंग करून देणारे काही वर्कशॉप मायका खाली कापतच नाहीत, मजुरी मात्र पूर्ण घेतात. मायका साधारण 1 मिलीमीटर खाली कापला का हे नखाने चाचपूनच सामान ताब्यात घ्या. ब्रश बदलताना एकाच ग्रेडचे सगळे बदला, 'हाच मापाला बसतोय' म्हणून कुठलाही नको. एकच पट्टी काळी पडली असेल तर तिथली कॉइल तुटलीय किंवा जोड सैल आहे, तिथे पेपर काहीच करणार नाही. असं असताना मशीन चालवत राहू नका, आजच बंद करा आणि आर्मेचर टेस्ट करून घ्या.

प्रश्न: मोटरने जनरेटर फिरवला आणि त्याच विजेवर मोटर चालवली तर फुकट वीज मिळते, व्हिडिओत दाखवलं.

नाही मिळत. लोड टाकला की जनरेटर फिरवायला जड जातो, तेवढी ऊर्जा कुठून तरी द्यावीच लागते, वर तापण्यात जाते ती वेगळी. किट विकणाऱ्याला पैसे देऊ नका.

प्रश्न: लॅप वाइंडिंग की वेव्ह?

या आर्मेचरच्या कॉइल जोडायच्या दोन पद्धती. जास्त करंटला लॅप, जास्त व्होल्टेजला वेव्ह. जे आहे तेच ठेवा.

प्रश्न: रिवाइंडिंगला ॲल्युमिनियम स्वस्त पडतंय, करू का?

तेवढ्याच स्लॉटमध्ये त्याच जाडीची ॲल्युमिनियम तार घातली की रेझिस्टन्स दीडपट-पावणेदोनपट होतो, तापमान चढतं, इन्सुलेशन जळतं. तांबंच घाला. जुनी तार वजन करून परत मागा, नव्या तारेचा गेज लिहून घ्या आणि मेगरची (इन्सुलेशन तपासायच्या मीटरची) रीडिंग घेतल्याशिवाय बिल देऊ नका.