डंकर्कची माघार : यश की अपयश?

प्रश्न : १९४० मधील डंकर्क या फ्रेंच बंदरातील सैन्यसुटकेला काही इतिहासकार ब्रिटिशांचे मोठे यश म्हणतात, तर काही जण नामुष्कीची माघार. यांपैकी ग्राह्य काय धरावे? (एक वाचक, सातारा)

उत्तर : मोहिमेचा हिशेब आणि सुटकेचा हिशेब वेगवेगळा मांडला, तर हा घोळ बराचसा मिटतो. मोहीम फसली, यात दुमत नाही. आर्देनच्या जंगलातून मुसंडी मारलेले जर्मन रणगाडे २० मे रोजी समुद्रापर्यंत पोहोचले आणि बेल्जियमच्या मदतीला गेलेले ब्रिटिश व फ्रेंच सैन्य कोंडीत सापडले. त्यानंतर २६ मे ते ४ जून या काळात झालेल्या सुटकेचे मोल मात्र तिच्याकडून काय अपेक्षित होते, त्यावरून ठरवावे लागते. डोव्हरहून सूत्रे हलवणाऱ्या व्हाइस ॲडमिरल रॅम्से यांना दोन दिवसांत जेमतेम ४५,००० माणसे काढता येतील, असा अंदाज होता. प्रत्यक्षात ३,३८,२२६ सैनिक इंग्लंडला पोहोचले.

सैनिकांना आणायला गेलेल्या खासगी होड्यांची कथा सर्वांच्या तोंडी असली, तरी दोन तृतीयांशांहून अधिक सैनिक वाळूवरून नव्हे, तर बंदरातून, मुख्यतः पूर्वेकडील लाटरोधक बंधाऱ्यावरून निघाले. तो जहाजे लावण्यासाठी बांधलेलाच नव्हता. वरची लाकडी वाट तीन-चार माणसे शेजारीशेजारी चालतील एवढीच होती, आणि ओहोटीला जहाज खाली गेले की थकलेल्या सैनिकांना शिड्यांवरून, फळ्यांवरून त्यात उतरावे लागे.

या सुटकेची किंमतही मोठी होती. सुमारे २,५०० तोफा आणि ६०,००० हून अधिक वाहने फ्रान्समध्येच राहिली. भारतीय खेचर-तुकड्यांच्या जवानांनाही आपली जनावरे मागे सोडावी लागली. तरीही माझा कौल यशाकडे झुकतो, कारण तोफा कारखान्यात पुन्हा ओतता येतात, पण अनुभवी अधिकारी आणि हवालदार काही महिन्यांत घडवता येत नाहीत. माघारीने युद्धे जिंकली जात नाहीत, हे चर्चिल यांनी ४ जूनलाच संसदेत बजावले होते, हेही खरे.

हा कौल ब्रिटिशांपुरताच आहे, हे मात्र सांगायला हवे. अखेरपर्यंत पिछाडी सांभाळणारे ३५,००० हून अधिक फ्रेंच सैनिक ४ जूनला जर्मनांच्या हाती सापडले. इंग्लंडला पोहोचलेल्या फ्रेंच सैनिकांपैकी बहुतेकांना लवकरच पुन्हा फ्रान्सच्या बंदरांवर उतरवण्यात आले, आणि २२ जूनला फ्रान्सने युद्धबंदीच्या करारावर सही केली.