सरकारनं फीचे पैसे पालकाच्या हातात दिले तर?

प्रश्न : मॅडम, मी केज तालुक्यातला. कोरडवाहू चार एकर आहे, म्हणून तालुक्याच्या गावी दुकानात कामाला जातो. पोरगी येत्या जूनमध्ये पहिलीत बसेल. गावात जिल्हा परिषदेची चौथीपर्यंतची शाळा, दोन गुरुजी. तालुक्याला इंग्रजी शाळा आहे, पण फी आणि व्हॅनचं भाडं धरलं तर माझा दोन-तीन महिन्यांचा पगार जातो. मोबाईलवर एका भाषणात ऐकलं, की सरकारनं शाळांना पोसण्यापेक्षा पालकालाच व्हाउचर, म्हणजे फी भरायची सरकारी चिठ्ठी, द्यावं, लेकरू कुठं घालायचं ते पालक ठरवील. लाडक्या बहिणीचे दीड हजार थेट खात्यावर पडतात, मग लेकराच्या शिक्षणाचे का नाही? तुम्ही शिक्षण खात्यात होतात. गोलगोल उत्तर देऊ नका.
— एक पालक, जि. बीड

उत्तर : भाऊ, सरळच सांगते. आपल्या खेड्यापाड्यांत व्हाउचर नको. मात्र तुमचं म्हणणं मी हसण्यावारी नेणार नाही. झेडपीच्या गुरुजींची पोरं कुठल्या शाळेत जातात हे सगळ्या गावाला ठाऊक असतं.

असली एक योजना आपल्याकडं चालूच आहे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानं (आरटीई) खासगी विनाअनुदानित शाळेला प्रवेशाच्या वर्गात 25 टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या लेकरांसाठी ठेवाव्या लागतात. त्यांची फी सरकार भरतं. आपल्या राज्यात एका लेकरामागे वर्षाला 17,670 रुपये, किंवा शाळेची फी त्याहून कमी असेल तर तेवढीच. सरकारनं पैसे द्यायचे आणि लेकरू खासगीत शिकायचं, तुमच्या भाषणातलं व्हाउचर याहून फार वेगळं नाही.

आता ती चालते कशी ते ऐका. मी केंद्रप्रमुख, म्हणजे दहा-बारा शाळांवर देखरेख करणारी, असताना अर्जांच्या पडताळणीला बसायचे. अर्ज भरताना नकाशावरचा फुगा नेमका आपल्या घरावर नेऊन ठेवावा लागतो, कारण शाळा घरापासून किती लांब त्यावर सगळा खेळ. एका माउलीचा फुगा नेट कॅफेवाल्यानं घाईघाईत बसस्टँडवर ठेवून दिला होता. सोडतीत नंबर लागला, शाळाही मिळाली, आणि टेबलावर कागद बघताना पत्ता जुळेना. ती बाई भाडेकरार, लाइट बिल, रेशनकार्ड एकेक करून पुढं सरकवत होती आणि समितीतले साहेब एकच वाक्य म्हणत होते, "सिस्टीम घेत नाही." तिचा प्रवेश गेला. ती तालुक्याच्या गावात राहणारी तरी होती. तुमच्या गावापासून तीन किलोमीटरच्या आत इंग्रजी शाळाच नसेल, तर फुगा घरावर ठेवून तरी काय मिळणार? व्हाउचरचं तेच होईल. खर्चायला शाळाच जवळ नाही, म्हणजे त्यातला मोठा हिस्सा व्हॅनवाल्याच्या डिझेलात जाणार.

बरं, सरकार तरी हे पैसे वेळेवर देतं का? थकबाकी वर्षानुवर्षं राहते. संस्थाचालक दरवर्षी ओरड करतात, आणि या एका बाबतीत ती ओरड खरी असते. राग निघतो तो लेकरावर, त्याला 'आरटीईवाला' म्हणून हाक मारून. त्यावर कडी म्हणजे फेब्रुवारी 2024 मध्ये सरकारनं नियमच बदलला, की एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला या 25 टक्क्यांतून सूट. पालक कोर्टात गेले. मुंबई उच्च न्यायालयानं मे महिन्यात स्थगिती दिली आणि जुलैत तो बदल रद्द केला. मूठभर लेकरांच्या फीतून अंग काढून घेणारं सरकार उद्या राज्यातल्या सगळ्यांची फी भरील, यावर माझा तरी विश्वास बसत नाही.

आता तुमच्या बाजूचा पुरावाही देते, नाहीतर म्हणाल बाई खात्याची बाजू घेतात. आंध्र प्रदेशच्या खेड्यांत कार्तिक मुरलीधरन आणि वेंकटेश सुंदररामन या अर्थतज्ज्ञांनी सोडत काढून निवडलेल्या मुलांना व्हाउचरवर खासगी शाळेत घातलं आणि चार वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं. तेलुगू आणि गणितात ही मुलं सरकारी शाळेतल्यांच्या पुढं गेली नाहीत. हिंदीत गेली. पण खासगी शाळेत एका मुलावरचा खर्च सरकारी शाळेच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी होता. म्हणजे तेवढंच शिक्षण, पण स्वस्तात. हा आकडा माझ्या खात्याला झोंबायला हवा. फक्त ही स्वस्ताई येते कुठून, तेही बघा. बहुतेक शिक्षकांच्या पगारातून. तुमच्या तालुक्यातल्या त्या शाळेत शिकवणाऱ्या डी.एड. झालेल्या पोरीला महिन्याला काय मिळतं, एकदा विचारून या.

दुसरी गोष्ट हिशेबाची. कायद्यातलं कोष्टक असं, की प्राथमिक शाळेचा पट 61 असेल तर तीन शिक्षक, 60 असेल तर दोन. एक लेकरू व्हाउचर घेऊन गेलं की संच मान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरतात तेव्हा, एक पद उडू शकतं. आणि तुमच्या गावासारख्या दोन शिक्षकांच्या शाळेतून पाच-सात लेकरं गेली तर सरकारचा रुपया वाचत नाही. दोघांचे पगार तेवढेच राहतात, वर व्हाउचरचा खर्च. चिलीमध्ये 1981 पासून हा प्रयोग झाला. शाळा लेकरं निवडून घ्यायला लागल्या, वरून पालकांकडूनही पैसे घ्यायला लागल्या. शेवटी 2015 मध्ये त्यांना ती निवड आणि अनुदानातून होणारी नफेखोरी कायद्यानं बंद करावी लागली.

आणि ऊसतोड? तुमचा जिल्हा कोयत्याचा. दिवाळी झाली की मुकादमाची उचल घेतलेली जोडपी कोल्हापूर, सांगली, कर्नाटकाकडं निघतात, ती गुढीपाडव्याच्या आसपास परततात. मागं राहिलेल्या लेकरांसाठी झेडपीच्या शाळेला हंगामी वसतिगृह लावतात (काही ठिकाणी ते कागदावरच जेवतं, हेही मला ठाऊक आहे). आईबापाबरोबर फडावर गेलेलं लेकरू मार्चमध्ये परत आलं तरी झेडपीच्या गुरुजींना त्याला वर्गात बसवून घ्यावंच लागतं. कुठली व्हाउचरवाली शाळा चार-पाच महिने बाक रिकामा ठेवील? हुशार आणि हजर लेकरं तालुक्याला गेली, तर गावच्या शाळेत ही तेवढी उरतील, आणि त्यांच्यासाठी शाळा समितीच्या बैठकीत बोलायला तुमच्यासारखा बापही उरणार नाही.

आता तुमच्या पोरीचं. एखाद्या मंगळवारी, न सांगता, शाळेत जाऊन या. दुसरीच्या लेकराला बालभारतीचं पान वाचायला लावा, वजाबाकी मांडायला सांगा. दोन्ही येत असेल तर पोरगी तिथंच घाला आणि शाळा व्यवस्थापन समितीत नाव द्या. तिथं तीन चतुर्थांश जागा पालकांच्या असतात. येत नसेल आणि तुम्ही तालुक्याला राहायला जाणारच असाल, तर 25 टक्क्यांतून अर्ज करा. पण फी फक्त आठवीपर्यंत माफ असते, नववीला सगळी अंगावर येते, हे धरून चाला. नकाशावरचा फुगा स्वतः बसवा, कॅफेवाल्यावर सोडू नका. उत्पन्नाचा दाखला आत्ताच काढून ठेवा, अर्ज सुरू झाले की सेतूत पाय ठेवायला जागा नसते.