हवामान न्याय म्हणजे काय? कोकणातल्या गावाने त्यासाठी काय करावं?

३ जून २०२० चं निसर्ग वादळ आठवा. श्रीवर्धन, मुरूड, दापोलीकडच्या नारळी-पोफळीच्या वाड्या काही तासांत आडव्या झाल्या. नवी पोफळ धरायला ५-७ वर्षं जातात. तापलेला समुद्र वादळांना बळ देतो; तो तापवण्यात या वाडीवाल्यांचा वाटा नगण्य, फटका मात्र पहिला त्यांनाच. हवामान न्यायाचा प्रश्न तो हाच. त्यात भरपाई सुरुवातीला हेक्टरच्या हिशोबाने, आणि इथली वाडी दहा-वीस गुंठ्यांची, तीही सातबाऱ्यावर चार भावांच्या नावे! झाडामागे मदत द्या, ही मागणी त्यातूनच उभी राहिली.

म्हणून पावसाआधीच वाडीवाडीने झाडं, होड्या, जाळी मोजा आणि ग्रामसभेत नोंदवून ठेवा. मासळी विकणाऱ्या बायकांचा बुडणारा धंदाही त्यात लिहा, तो बहुतेकदा राहून जातो.