व्यवहार शिकले आणि घरात कोडगी ठरले

आपल्या कोल्हापुरातल्या कळंबा रोडवरून एका मैत्रिणीचं पत्र आलंय. मोठं आहे, थोडं कापून देते.

“मावशी, माझं वय ३६. मिस्टर शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत ११ वर्षं आहेत, आता सुपरवायझर. मुलगी सातवीत. लॉकडाउनमध्ये ओळखीच्या चार घरांना कांदा-लसूण चटणी करून दिली, तिथून सुरुवात झाली. चटणी सासूबाईंच्या हातची, त्यांनीच शिकवली. आता उन्हाळ्यात दोन बायका मदतीला असतात, दहा-बारा दुकानांत माल जातो, पुण्या-मुंबईला कुरिअरनं जातो. पूर्वी दुकानदाराशी बोलायचं म्हटलं की घशाला कोरड पडायची. नणंद आली की दोन किलो बांधून न्यायच्या, मी हसून द्यायची. यंदा मी त्यांना भाव सांगितला. मावसदिरांच्या दुकानात दिवाळीपासून १८ हजार अडकलेत, ते एका बारशात सगळ्यांसमोर मागितले. तेव्हापासून घरात सगळे धुसफुसतायत. सासूबाई म्हणतात, ‘लई शानी झालीस. आमी बी संसार केला, पर असं तोंड वर करून पैसं न्हाई मागितलो कधी.’ आता मिस्टर म्हणतात, नोकरी सोडतो, दोघं मिळून करू. व्यवहार मी बघतो, तू फक्त चटणी बघ. मला ते नकोय, पण नको म्हणायला जीभ रेटत नाही. धंद्यानं मला मोठं केलं की कोडगं केलं, हेच कळेना झालंय. मदतीच्या बायका तेवढ्या म्हणतात, ‘वहिनी, तुमी आता बोलाया लागलासा.’ त्या घरच्यासारख्याच आहेत, सीझन संपला की त्यांना साडी आणि हातात काहीतरी देते.”

अगं, कोडगी नाही झालीस. कोडग्या माणसाला असले प्रश्न पडत नाहीत, त्याला निवांत झोप लागते.

तुझं काय झालंय ते मला तुझ्या भावावरून दिसतं. म्हणजे चटणीच्या भावावरून. पहिल्या सीझनला तू तो कसा काढला असशील ते सांगू? संकेश्वरी मिरची एवढी, ब्याडगी एवढी, कांदा, लसूण, खोबरं, तीळ, धने, तेल, डंकावर कुटून आणायचे पैसे. सगळ्याची बेरीज आणि वर थोडे. आणि मे संपल्यावर पिशवीत हात घातला तर काही नाही. चटणी तर सगळी खपली, मग पैसे गेले कुठं? घरोघरच्या बायका इथंच फसतात. दहा किलो मिरची आणली तरी देठं मोडून, कडकडीत वाळवून डंकावर नेईपर्यंत ती दहा किलो राहत नाही. कांद्याचं तर विचारूच नकोस, पोतंभर चिरून वाळत घातला की संध्याकाळी पाटीच्या तळाशी बसतो. ही घट कुठल्याच बिलावर लिहिलेली नसते. गॅस, पाकिटं, लेबल, रिक्षा, कुरिअरमध्ये फुटून परत आलेला डबा, हे सगळं हळूहळू वहीत चढतं. आणि सगळ्यात शेवटी, तेही चढलं तर, पहाटे उठून कांदे चिरणाऱ्या बाईची मजुरी चढते.

तुझ्या वहीत ती ओळ आली असणार, त्याशिवाय तू नणंदेला भाव सांगितला नसतास. तुला हाव सुटली नाही. दोन किलो म्हणजे नेमकं काय, ते तुला पहिल्यांदा कळलं. पूर्वी तू हसून द्यायचीस त्यात मनाचा मोठेपणा थोडा आणि माहीत नसणं जास्त होतं. आता ठरवून दे. वर्षाला नणंदेला माहेरचा एक किलो, तुझ्या नावानं, प्रेमानं. त्यावरचा भावानं. आधी सांगितलंस तर कुणालाही चालतं. पिशवी बांधून झाल्यावर सांगितलंस तर तो अपमान होतो.

दुकानदारांशी बोलायला लागलीस तेही असंच. परक्या माणसापुढं उभं राहून आपल्या मालाचा भाव न अडखळता सांगणं ही लहान गोष्ट नाही. लग्नाआधी बापानं, नंतर नवऱ्यानं व्यवहार केलेल्या बाईला तर नाहीच. तो माणूस तोंड वाकडं करतो, “शेजारच्या गल्लीत स्वस्त मिळते” म्हणतो, आणि तरी तू डबा परत पिशवीत घालून शांतपणे बाहेर पडतेस. हे कुठल्या शिबिरात शिकवून येत नाही. गिऱ्हाइकाचा फोन येतो, “यंदा खोबरं खवट लागतंय”, आणि तू रडत नाहीस, भांडत नाहीस, कुठल्या दिवशीचा माल ते बघतेस. तक्रार चटणीची आहे, आपली नाही, एवढं कळायला काहींचा जन्म जातो.

आता जरा उलटं. धंदा केला की माणूस आपोआप घडतो असं भाषणात ऐकायला छान वाटतं. आपल्या गावात धंद्याला काय तोटा? उद्यमनगरात लेथ आहेत, गुजरीत सोनं आहे, शाहूपुरीत गूळ आहे, चप्पल लाईन आहे, शेजारी हुपरीत चांदी आहे. इतके सगळे घडले असते तर कोर्टात एक दावा उरला नसता. मी असे मालक बघितलेत, मोठ्या पार्टीपुढं कमरेतून वाकणारे आणि कामावरच्या पोराला आईवरून शिव्या देणारे. धंद्यानं त्यांच्यातलं जे होतं तेच वाढवलं. म्हणून तू कितपत वाढलीस ते मी दुकानदारांना विचारणार नाही. तुझ्याकडं देठं मोडत बसणाऱ्या त्या दोघींना विचारीन.

आणि तिथं, पोरी, माझं तुझ्याशी पटत नाही. “घरच्यासारख्याच” आणि “हातात काहीतरी”! नणंद तुला घरचीच समजून फुकट नेत होती म्हणून तू वैतागलीस ना? मग या दोघींचं वेगळं काय चाललंय? मिरचीच्या खकाण्यात दिवसभर ठसकत बसायचं, रात्री हाताची आग होते म्हणून झोप नाही, आणि पैसे किती ते मे संपल्यावर कळणार. सीझन सुरू व्हायच्या आधी दोघींना बसवून रोज ठरव. हजेरीची वही घाल. दर आठवड्याला पैसे दे, मग दुकानदाराचे आलेले असोत नसोत. हातमोजे आणि तोंडाला मास्क तुझ्या खर्चानं. साडी द्यायची तर वरून दे, पगारात धरू नकोस. त्यामुळं चटणीचा भाव थोडा वाढेल. वाढू दे, तोच तिचा खरा भाव आहे.

मावसदिरांचं. पैसे मागितलेस ते बरोबर, बारशात मागितलेस ते चूक. माणूस चारचौघांत उघडा पडला की पैसे देत नाही, कारणं देतो. त्यांच्या दुकानात जा, दुपारी गिऱ्हाईक नसतं तेव्हा. कुठल्या तारखेला किती माल दिला त्याचा कागद पुढं ठेव आणि म्हण, “भाऊजी, एकदम जमत नसेल तर महिन्याला सहा हजार द्या, तीन महिन्यांत मिटवू. तोवर नवीन माल रोखीनं देते.” बारशातल्या बोलण्याबद्दल वाईट वाटतं असंही सांग. पैशाबद्दल वाईट वाटतं असं मात्र म्हणू नकोस.

पुढचं टाळायचं असेल तर लहान उद्योगांची सरकारी ‘उद्यम’ नोंदणी करून टाक, अजून केली नसशील तर. ऑनलाइन होते, आधारवर होते, फुकट होते. कुणी एजंट पैसे मागत असेल तर त्याला चहा पाजून परत पाठव. तू चटणी बनवतेस, म्हणजे कायद्यानं तू सूक्ष्म उद्योग. लहान उद्योगांसाठीच्या २००६ च्या एमएसएमई कायद्यात तुझ्यासारख्यांच्या मालाचे पैसे लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायला लागतात. त्यापुढं रिझर्व्ह बँकेच्या ‘बँक रेट’च्या तिप्पट व्याज, तेही चक्रवाढ. पण नोंदणी आधी आणि माल नंतर, हा क्रम लागतो. हे कलम घेऊन तू मावसदिरांवर धावून जा असं मी सांगत नाहीये. दुकानाला माल देताना बिलावर मुदत छापलेली असली की निम्मी उधारी मागायची वेळच येत नाही.

सासूबाईंचं बोलणं मला तू लिहिलंस तेवढं वाईट वाटलं नाही. जरा त्यांच्या बाजूनं बघ. ती चटणी त्यांची आहे. सगळा जन्म त्यांनी ती केली, पाव्हण्यारावळ्यांनी डबे भरभरून नेली, वर “काय चव आहे हाताला” एवढंच त्यांच्या पदरात पडलं. आता तीच चटणी किलोवर विकली जाते आणि पैसे सुनेच्या मोबाइलवर येतात. पैसे मागितले नाहीत असं त्या अभिमानानं सांगतात, पण मागायचे म्हटले असते तर कुणाकडं मागणार होत्या? त्यांना कामात घे. मसाला भाजताना खोबऱ्याचा रंग त्यांनी ठरवायचा, प्रत्येक घाण्याची चव त्यांनी बघायची, आणि महिन्याला ठरलेले पैसे त्यांच्या हातावर ठेवायचे, वहीत लिहून. पहिल्या महिन्याला परत करतील. ठेवून घ्या म्हण. आणि घरात बोलताना तो दुकानातला आवाज जरा खाली आण. उधारीवाल्याशी जसं तोडून बोलतेस तसं सासूशी आणि लेकीशी बोलत असशील, तर घरच्यांची तेवढी तक्रार खरी आहे.

आता मिस्टर.

गंगाराम कांबळ्यांची गोष्ट आपल्या गावात सगळ्यांना माहीत आहे. भाऊसिंगजी रोडवर त्यांनी चहाचं हॉटेल काढलं, तेव्हा अस्पृश्य मानलेल्या माणसाच्या हातचा चहा प्यायला कोण येणार होतं? शाहू महाराज स्वतः तिथं जाऊन चहा प्याले, बरोबरच्या लोकांनाही प्यायला लावलं. महाराजांनी पाठबळ दिलं, आपलं वजन त्या हॉटेलामागं उभं केलं. गल्ल्यावर मात्र गंगारामच होते. तुझ्या मिस्टरांना मदत करायची आहे ना, मग मदत म्हणजे काय ते त्यांना हे उदाहरण देऊन सांगता येईल. राजांचं उदाहरण दिलंस म्हणून रागावणार नाहीत.

त्यांना वाईट माणूस समजू नकोस. पत्रावरून तरी तसे वाटत नाहीत. पण “व्यवहार मी बघतो” म्हणजे तू गेल्या काही वर्षांत जे काही मिळवलंस तेवढंच ते मागतायत. चटणी तुला लग्नानंतर लगेच येत होती. नवीन काय आलं? भाव ठरवणं, नाही म्हणणं, पैसे मागणं, नुकसान झालं तरी दुसऱ्या दिवशी चूल पेटवणं. ते त्यांच्या हातात गेलं की तू परत स्वयंपाकघरात, फक्त पातेली मोठी. तेव्हा बँकेचं खातं, यूपीआय, अन्न परवाना, सगळं तुझ्या नावावर आहे ते तसंच राहू दे. पुढंमागं खरोखर दोघांनी करायचं ठरलं तर भागीदारीचा कागद करा, कुणी काय बघायचं ते त्यात लिहा, नोंदवून घ्या. नवरा-बायकोत कागद कशाला असं म्हणणारे पुष्कळ भेटतील. त्यांना बोलू दे.

आणि नोकरी तर आत्ता अजिबात नाही. हे मी तुझ्यासाठी जितकं सांगते तितकंच त्यांच्यासाठी. तुमचा खरा सीझन मार्च ते मे. जूनला पाऊस लागला की वाळवण बंद, मग दिवाळीपर्यंत साठवलेल्या मालावर आणि कुरिअरवर चालायचं. फाउंड्रीचा पगार मात्र जुलैतही येतो. पीएफ आहे, ११ वर्षांची ग्रॅच्युइटी साठतेय. लागोपाठ दोन पावसाळे तुझ्या धंद्यातून त्यांच्या पगाराएवढी रक्कम बाजूला निघाली, तुझी मजुरी आणि त्या दोघींचे पैसे जाऊन, तर तो विषय परत काढा. तोवर साप्ताहिक सुट्टीला त्यांनी मार्केट यार्डात मिरची बघायला तुझ्याबरोबर यावं, पोती उचलावीत, लांबच्या दुकानांना माल पोचवावा. माणूस फाउंड्रीत मालाची पारख करून आलेला आहे, वजनकाटा आणि पॅकिंग त्याच्याकडं दे, तुझ्यापेक्षा नीट करेल.

नको कसं म्हणायचं ते विचारतेस. दुकानदाराला म्हणतेस तसं म्हणू नकोस, आणि रडूनही म्हणू नकोस. जेवणं झाली, मुलगी अभ्यासाला बसली की म्हण, “तुम्ही बरोबर असलात तर मला हवंच आहे. पण व्यवहार माझ्याकडं राहणार. मला तो जमतो, आणि आवडतो.” शेवटचा शब्द गिळू नकोस. आपल्याला व्यवहार आवडतो हे सांगायची बायकांना अजून लाज वाटते, चटणी आवडते सांगायची नाही वाटत.

त्याच्याही आधी मात्र त्यांना एक विचार, नोकरी सोडावीशी का वाटतेय. ११ वर्षं भट्टीजवळ काढलेला माणूस एकदम नोकरी सोडतो म्हणतो, त्यामागं दर वेळी बायकोचा धंदा नसतो. ऑर्डरी कमी झाल्या असतील, वर कुणी नवा साहेब आला असेल, पाठ धरत असेल, किंवा बायकोचा फोन सारखा वाजतो आणि आपला वाजत नाही, हेही असेल. शेवटचं असेल तर हसू नकोस. काय म्हणतात ते मला कळव. कामावरच काही बिनसलं असेल तर त्यांच्या नोकरीचा विचार चटणी बाजूला ठेवून करावा लागेल, आणि त्यासाठी त्यांनीच मला लिहिलं तरी चालेल.